झोरिस-कार्ल युइस्मांस

झोरिस-कार्ल युइस्मांस (जन्म : ५ फेब्रुवारी १८४८, पॅरिस, मृत्यू : १२ मे १९०७, पॅरिस) हे फ्रेंच कादंबरीकार आणि कलासमीक्षक होते. 'आ रबूर' (१८८४) या कादंबरीमुळे त्यांचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या 'ऱ्हासवादी' साहित्याशी कायमचे जोडले गेले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते कॅथलिक धर्माकडे परतले. १८९२ पासून त्यांनी फ्रान्समधील निरनिराळ्या मठांत वारंवार एकांतवास केला आणि १९०१ मध्ये लिग्यूझे येथील बेनेडिक्टाइन मठाचे 'ओब्ला' म्हणून व्रत घेतले. ओब्ला म्हणजे मठाशी बांधलेला, परंतु पूर्ण संन्यास न घेतलेला उपासक. मठातील पाहुण्याचे अनुभव आधुनिक कादंबरीत सविस्तर मांडणाऱ्या पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते.

बालपण आणि नोकरी

युइस्मांस यांचे बाप्तिस्म्याचे नाव शार्ल-मारी-झोर्झ असे होते. वडील गोडफ्रीड हे हॉलंडमधील ब्रेडा येथून पॅरिसला आलेले शिळाछापाचे कारागीर व चित्रकार होते आणि त्यांच्या घराण्यात चित्रकारांची परंपरा होती. लेखक म्हणून पुढे आल्यावर युइस्मांस यांनी आपल्या नावाला डच वळण दिले, ते या पितृकुळाच्या अभिमानातून. ते आठ वर्षांचे असताना, १८५६ मध्ये, वडिलांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी आईने दुसरा विवाह केला. सावत्र वडील प्रॉटेस्टंट होते आणि पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात त्यांची भागीदारी होती. मुलाला हे नवे घर कधी आपले वाटले नाही, आणि निवासी शाळेतील दिवसही कष्टाचे गेले.

१८६६ मध्ये ते फ्रान्सच्या गृहमंत्रालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि १८९८ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, त्याच खात्यात राहिले. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांना सैन्यात बोलावले गेले, पण आमांशाने आजारी पडून त्यांचा बहुतेक काळ रुग्णालयांतच गेला. नोकरीत ते नेमस्त आणि नियमित होते. कचेरीतील निवांत तासांत, अनेकदा मंत्रालयाच्याच कागदांवर, त्यांनी आपल्या पुस्तकांचा बराच भाग लिहिला. ते आयुष्यभर अविवाहित राहिले. आन म्युनिये या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीशी त्यांचे दीर्घकाळ संबंध होते. तिला मेंदूच्या असाध्य विकाराने ग्रासले आणि १८९३ मध्ये तिला पॅरिसच्या सँत-आन मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथेच १८९५ मध्ये तिचा मृत्यू झाला. मठांकडे वळण्याची त्यांची वर्षे नेमकी हीच आहेत. त्यांच्या धर्मांतराची चर्चा करताना हे दुःख बहुधा दुर्लक्षिले जाते.

निसर्गवादापासून 'आ रबूर'पर्यंत

आरंभीच्या काळात युइस्मांस हे एमिल झोला यांच्या वर्तुळातील लेखक होते. 'मार्त' (१८७६) ही वेश्याजीवनावरील कादंबरी फ्रान्समधील खटल्याच्या भीतीने ब्रुसेल्समध्ये छापली गेली. 'ले सर वातार' (१८७९) ही पुस्तकबांधणीच्या कारखान्यातील दोन बहिणींची कथा त्यांनी झोलांना अर्पण केली. १८८० मध्ये झोला, मोपासाँ आदींच्या युद्धकथांच्या संग्रहात त्यांचीही कथा होती. 'आ व्हो-लो' (१८८२) या लघुकादंबरीचा नायक हा पॅरिसच्या खाणावळींतून चांगल्या जेवणाच्या शोधात निष्फळ भटकणारा एक एकटा कारकून आहे. पचनाचा त्रास, वाईट स्वयंपाकाचा तिटकारा आणि एकटेपण हे तिन्ही विषय लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातले होते.

१८८४ मध्ये 'आ रबूर' प्रसिद्ध झाली आणि त्यांनी झोलांची वाट सोडली. देझेसँत हा एका जुन्या उमराव घराण्याचा शेवटचा वंशज पॅरिसला कंटाळून फोंतने-ओ-रोझ येथील घरात स्वतःला कोंडून घेतो. उत्तरकालीन लॅटिन ग्रंथ, सुगंध, मद्ये आणि गुस्ताव्ह मोरो यांची चित्रे एवढ्यांच्याच सोबतीने तो जगू पाहतो. पाठीवर रत्ने जडवलेले त्याचे कासव त्या ओझ्याने मरते. लंडनला निघालेला तो पॅरिसमधील इंग्रजी खाणावळीतच इंग्लंडची पुरेशी कल्पना आल्याचे ठरवून घरी परततो. हे प्रसंग प्रसिद्धच आहेत. पुढील घटनांच्या दृष्टीने मात्र एक लहान तपशील अधिक महत्त्वाचा ठरतो. देझेसँत आपली शयनखोली मठातील कोठडीसारखी सजवतो, पण त्यासाठी दारिद्र्याचा आभास निर्माण करणारी अत्यंत महागडी कापडे आणि वस्तू वापरतो. खिडकीसमोरून जाणाऱ्या मोलकरणीची सावली मठवासी स्त्रीसारखी दिसावी म्हणून तिला तसा पोशाख घालायला लावतो. म्हणजे मठाचे एकांत आणि शांतता त्याला हवी होती. प्रार्थना, नियम आणि सहवासी मात्र नको होते. हा प्रयोग फसतो. मज्जाविकाराने खंगलेल्या नायकाला वैद्य पॅरिसला परत जाण्याचा हुकूम देतात आणि कादंबरी श्रद्धेसाठी केलेल्या एका अर्धवट आर्जवावर थांबते. बार्बे दोरव्हिली या ज्येष्ठ लेखकाने तेव्हाच ओळखले होते की अशा पुस्तकानंतर लेखकापुढे आत्मनाश किंवा क्रूस एवढेच दोन मार्ग उरतात.

ऑस्कर वाइल्ड यांच्या 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या कादंबरीत नायकाला भारून टाकणारे जे फ्रेंच पुस्तक येते, ते 'आ रबूर'च असल्याचे सामान्यतः मानले जाते.

'ला-बा' आणि आबे म्युन्ये यांची भेट

१८९१ मधील 'ला-बा' ही कादंबरी पंधराव्या शतकातील बालहत्यारा सरदार जिल द रे आणि समकालीन पॅरिसमधील सैतानपूजा यांविषयी आहे. तिच्यात द्युर्ताल हा लेखक प्रथम अवतरतो. पुढील तीन कादंबऱ्यांचाही नायक तोच असून, तो बहुतांशी युइस्मांस स्वतःच आहे. या काळोख्या पुस्तकातही एक उजेडाची जागा आहे. सँ-सुल्पीस चर्चच्या मनोऱ्यात राहणारा घंटावादक आणि त्याची पत्नी यांच्या साध्या जेवणाच्या मेजाभोवती, शहराच्या गलबल्यापासून उंचावर, द्युर्तालला स्वस्थता लाभते.

याच वर्षीच्या मे महिन्यात युइस्मांस यांची आबे आर्त्युर म्युन्ये या धर्मगुरूंशी ओळख झाली. म्युन्ये साहित्यप्रेमी, सौम्य आणि चतुर होते. त्यांनी या नव्या जिज्ञासूशी वाद घातला नाही किंवा त्याला ग्रंथांची यादीही दिली नाही. काही दिवस एका मठात राहून यावे, एवढेच त्यांनी सुचवले. त्यासाठी त्यांनी रँस शहराच्या परिसरातील नोत्र-दाम दिन्यी हा मठ निवडला.

इन्यी येथील एकांतवास

इन्यीचा मठ ट्रॅपिस्टांचा होता. सहाव्या शतकात इटलीत नर्सियाच्या संत बेनेडिक्ट यांनी मठजीवनासाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. पश्चिम युरोपातील बहुसंख्य मठ तीच पाळू लागले. तिचे अधिक काटेकोर पालन करण्यासाठी १०९८ मध्ये सिस्टर्शियन संघ निघाला आणि त्याच्याच कडक शाखेला ट्रॅपिस्ट म्हणतात. शेतीकाम, मांसवर्ज्य आहार, मध्यरात्रीनंतर लवकरच उठणे आणि जवळजवळ अखंड मौन हे त्यांचे जीवन होते. काळे झगे घालणारे बेनेडिक्टाइन आणि पांढरे झगे घालणारे ट्रॅपिस्ट एकाच नियमावलीची लेकरे असली तरी त्यांच्या घरांतील हवा वेगळी असते.

१२ जुलै १८९२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, युइस्मांस इन्यीला पोहोचले आणि सुमारे आठवडाभर राहिले. निघण्यापूर्वी त्यांना अनेक भीतींनी घेरले होते आणि त्यांपैकी काही हसू येण्याजोग्या होत्या. तेलातील भाज्या आणि कडधान्ये आपल्या पोटाला सोसतील का, तंबाखूशिवाय राहता येईल का, पहाटेपूर्वी उठवेल का, अशा चिंता त्यांना होत्या. यांखाली खरी भीती दडलेली होती. एवढ्या वर्षांनंतर गुडघे टेकून एका अनोळखी माणसासमोर सगळे आयुष्य उघडे करणे आपल्याला जमेल का, हा तो प्रश्न होता.

काय घडले ते 'आं रूत' (१८९५) या कादंबरीतून कळते. तिच्यात इन्यीचे नाव बदलले आहे, पण बाकी फारसे काही बदललेले नाही. पाहुण्याच्या खोलीत दिवसाचे वेळापत्रक लावलेले असते आणि सगळा दिवस घंटेच्या नादाने तुकड्यातुकड्यांत विभागलेला असतो. पापनिवेदनाच्या वेळी द्युर्तालला शब्द फुटत नाहीत. तो रडू लागतो, आणि धर्मगुरू त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगतात. निवेदन पार पडल्यावर प्रायश्चित्त म्हणून रोज जपमाळेचे दहा मणी म्हणण्यास सांगितले जाते. द्युर्तालच्या मनात शंका येते की दहा संपूर्ण जपमाळा तर अभिप्रेत नसतील! एका दिवसात त्या पुऱ्या करण्याच्या खटपटीत तो थकून जातो आणि प्रार्थनेचाच त्याला वीट येतो. शेवटी हा सगळा गैरसमज असल्याचे उघड होते. मठात नव्याने आलेल्या माणसाचा अतिरेकी काटेकोरपणा कसा स्वतःलाच फसवतो, याचे इतके अचूक चित्रण धार्मिक ग्रंथांतही विरळाच.

बागेत चोरून ओढलेल्या सिगारेटी, तळ्यातील हंस, त्याच पाण्यात वावरणारे पाणमांजर आणि डुकरे राखणारा वृद्ध बंधू सिमेओं यांमुळे हा भाग जिवंत झाला आहे. सिमेओंच्या व्यक्तिचित्रामागे इन्यीतील एक खरा मठवासी होता. निरक्षरासारख्या दिसणाऱ्या या माणसाच्या चेहऱ्यावरील प्रसन्नतेपुढे पॅरिसमधील सारी विद्वत्ता नायकाला फिकी वाटते. मठातील शांतता मात्र त्यांनी केवळ आल्हाददायक म्हणून रंगवलेली नाही. बाहेरचा आवाज थांबताच आतला कोलाहल वाढतो आणि जुन्या वासना व निंदेचे विचार नेमके प्रार्थनेच्या वेळी उसळतात, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे. एकांतवासाची रम्य वर्णने करणाऱ्या नंतरच्या अनेक पुस्तकांत हा प्रामाणिकपणा आढळत नाही.

पॅरिसला परतणाऱ्या द्युर्तालची अवस्था विचित्र असते. मठात राहण्याइतके त्याचे स्वत्व गळून पडलेले नसते आणि जुन्या मित्रांच्या बैठकींत रमण्याइतका तो पूर्वीचाही उरलेला नसतो. युइस्मांस यांच्या पुढील दहा वर्षांचा प्रश्न हाच होता.

बेनेडिक्टाइन मठांतील पाहुणा

पुढील वर्षांत ते इन्यीला पुन्हा गेले, पण त्यांचे मन हळूहळू बेनेडिक्टाइनांकडे झुकू लागले. याची कारणे बरीचशी कलात्मक होती. फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडलेली बेनेडिक्टाइन परंपरा प्रॉस्पेर गेरांझे यांनी १८३३ मध्ये सोलेम येथे पुन्हा सुरू केली. उपासनाविधीची शुद्धता आणि ग्रेगोरियन गायनाचा जीर्णोद्धार हे त्या मठाचे कार्य होते. जुनी हस्तलिखिते तपासून तेथे एकसुरी लॅटिन गायनाच्या मूळ चाली निश्चित केल्या जात होत्या. पॅरिसच्या चर्चमध्ये ऐकू येणाऱ्या नाटकी संगीताने संतापणाऱ्या युइस्मांस यांना ही आपल्याच मनातील गोष्ट वाटली. 'आं रूत'चा पूर्वार्ध तर पॅरिसमध्ये कोणत्या चर्चमध्ये कसे गायन चालते, याची जवळजवळ मार्गदर्शिकाच आहे.

१८९४ मध्ये त्यांनी नॉर्मंडीतील सँ-व्हांद्रीय या मठाला भेट दिली. तेथे मार्शियाल बेस हे मठवासी विद्वान लेखक आणि कलावंतांभोवती एक नवे मठजीवन उभारू पाहत होते. बेस यांना तेथून हलवण्यात आले आणि ती आशा मावळली. पुढे सोलेम येथेही युइस्मांस पाहुणे म्हणून राहिले. तिथल्या गायनाने ते प्रभावित झाले, पण त्या मठाचा भव्यपणा आणि शिस्त यांत त्यांना परकेपण जाणवले.

बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे ५३ वे प्रकरण पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत तो साक्षात ख्रिस्त असल्याच्या भावनेने करावे, गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, मठाधिपतीने पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालावे, असे त्यात सांगितले आहे. याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर वेगळे असावे, त्यांच्या खोल्यांची व्यवस्था एका ठरावीक बंधूकडे असावी आणि इतर मठवासीयांनी परवानगीशिवाय त्यांच्याशी संभाषण करू नये. आदर पूर्ण, पण सीमारेषाही स्पष्ट! पाहुणा उपासनेला येऊ शकतो आणि मौनात चालणाऱ्या भोजनाच्या वेळी ग्रंथवाचन ऐकू शकतो. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सगळ्या घराबरोबर तोही मौन पाळतो. तो मठाचा घटक मात्र होत नाही. युइस्मांस यांना दरवाजाच्या या बाजूचे सुख मिळाले होते. त्यांचे डोळे पलीकडच्या बाजूकडे लागले होते.

संन्यास घेण्याचा विचार त्यांनी गांभीर्याने केला आणि सोडून दिला. प्रकृती नाजूक होती, तंबाखू सुटत नव्हता. पण निर्णायक अडचण लेखनाची होती. मठवासी झाल्यावर प्रत्येक पुस्तक वरिष्ठांच्या अनुमतीने छापावे लागले असते. धर्मसंस्थेतील कुरूप मूर्ती, गुळगुळीत भक्तिपर चित्रे आणि पाल्हाळिक प्रवचने यांवर ते ज्या कडवटपणे लिहीत, ते तसे उरले नसते.

'आं रूत' खपली आणि गाजली. जुन्या चाहत्यांपैकी काहींना तो ढोंगीपणा वाटला, तर काही धर्मगुरूंना तिच्यातील उघड्या भाषेने धक्का बसला. 'ला-बा'च्या लेखकावर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जात होता. म्युन्ये मात्र त्यांची पाठराखण करीत राहिले. पुस्तक वाचून इन्यीला जाणाऱ्यांची संख्या वाढली, हा तिचा अनपेक्षित परिणाम होता.

लिग्यूझे

१८९८ मध्ये शार्त्रच्या महामंदिरावरील 'ला कातेद्राल' ही कादंबरी आली. कथानक जवळजवळ नसलेल्या आणि मध्ययुगीन प्रतीकांच्या विवेचनाने भरलेल्या या पुस्तकाला मोठे यश लाभले. त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पॅरिस सोडण्याचे ठरवले.

प्वातिये शहराजवळील लिग्यूझे या गावी संत मार्टिन यांनी इ.स. ३६१ च्या सुमारास स्थापलेला मठ आहे. गॉल प्रदेशातील तो पहिला मठ समजला जातो. एकोणिसाव्या शतकात सोलेमच्या बेनेडिक्टाइनांनी त्याचे पुनरुज्जीवन केले होते. मठाच्या परिसरात युइस्मांस यांनी जमीन घेऊन 'मेझों नोत्र-दाम' नावाचे घर बांधले आणि १८९९ च्या उन्हाळ्यात लक्लेर या मित्र-दांपत्यासह ते तेथे राहू लागले. मठाच्या सावलीत चित्रकार आणि लेखकांची एक छोटी वसाहत वसवावी, अशी त्यांची कल्पना होती. ज्याच्यावर त्यांची सर्वाधिक भिस्त होती, तो तरुण चित्रकार शार्ल-मारी द्युलाक १८९८ च्या डिसेंबरातच मरण पावला होता. तरीही माणसे येत राहिली. पुढे विख्यात झालेले चित्रकार झोर्झ रुओ १९०१ मध्ये येथे काही काळ राहिले. कवी पॉल क्लोदेल यांनी १९०० मध्ये संन्यासाचा विचार मनात घेऊन याच मठात एकांतवास केला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सतरा वर्षांचे लुई मासिन्यों हे युइस्मांस यांना भेटून गेले. सूफी हल्लाज यांच्यावरील संशोधनासाठी प्रसिद्ध झालेले आणि पुढे फ्रान्समध्ये गांधीविचारांचा पुरस्कार करणारे अभ्यासक ते हेच.

मठात राहायचे नाही आणि पाहुणा म्हणूनही राहायचे नाही, या पेचातून वाट काढणारी एक जुनी व्यवस्था बेनेडिक्टाइनांकडे होती. ओब्ला हा विशिष्ट मठाशी वचनबद्ध होतो आणि आपल्या परिस्थितीत शक्य तेवढी नियमावली पाळतो. मात्र तो स्वतःच्या घरात राहू शकतो आणि त्याची मालमत्ता व व्यवसाय त्याच्याकडेच राहतात. मार्च १९०० मध्ये युइस्मांस यांचा नवदीक्षित म्हणून स्वीकार झाला आणि २१ मार्च १९०१ रोजी, संत बेनेडिक्ट यांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी अंतिम वचन दिले. पहाटे मठात उपासनेला जायचे, दिवसा लिहायचे, संध्याकाळी पुन्हा गायन ऐकायला जायचे, असा त्यांचा क्रम होता. 'सँत लिदविन द स्किडाम' हे एका मध्ययुगीन डच रुग्णाइत संत स्त्रीचे चरित्र त्यांनी या घरातच लिहिले.

हे दिवस आदर्श होते असे मात्र नाही. 'लोब्ला' (१९०३) या कादंबरीत घटनास्थळ बर्गंडीत हलवलेले असले तरी लिग्यूझेच ओळखू येते. मठातील संकुचित कुरबुरी, खेड्यातील संशयी वातावरण आणि बेताचे गायन यांवर युइस्मांस यांची लेखणी नेहमीसारखीच चालली आहे. मठवासीयांपैकी काहींना आपल्या या प्रसिद्ध शेजाऱ्याचा अभिमान होता, तर काहींना त्याची धास्ती वाटत असे.

१९०१ चा कायदा

१ जुलै १९०१ रोजी फ्रान्समध्ये संस्थाविषयक कायदा झाला. त्यानुसार धार्मिक संघांना शासनाची परवानगी घेणे बंधनकारक झाले. परवानगीचा अर्ज करावा की देश सोडावा, यावर मठांत मतभेद झाले. सोलेमचे मठवासी इंग्लंडला गेले आणि लिग्यूझेच्या संघाने बेल्जियमचा रस्ता धरला. अंतिम वचनानंतर जेमतेम सहा महिन्यांत युइस्मांस यांच्यासमोर मठ रिकामा झाला. हा कायदा आणणारे वाल्देक-रुसो हे पंतप्रधानपदाबरोबर गृहखातेही सांभाळत होते. युइस्मांस यांनी ३२ वर्षे सेवा केली ते हेच खाते.

मठवासीयांबरोबर परदेशी जाण्याचे त्यांच्यावर बंधन नव्हते आणि ते गेलेही नाहीत. मठाविना लिग्यूझेत राहण्यात अर्थ उरला नव्हता. ऑक्टोबर १९०१ मध्ये ते पॅरिसला परतले आणि रू मस्ये येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या मठाला लागून असलेल्या इमारतीत त्यांनी खोल्या घेतल्या. 'लोब्ला'चा शेवटही याच निर्गमनावर होतो. त्या कादंबरीतील राग केवळ सरकारवर नाही. फ्रान्समधील कॅथलिकांच्या सुस्त श्रद्धेने आणि चर्चच्या बोथट कलाभिरुचीने हे संकट ओढवून घेतले, असा तिचा रोख आहे. त्यामुळे ती धर्मनिष्ठांनाही फारशी रुचली नाही.

अखेरची वर्षे

एदमों द गोंकूर यांच्या मृत्युपत्रानुसार स्थापन झालेल्या गोंकूर अकादमीचे युइस्मांस हे पहिले अध्यक्ष होते. १९०३ मधील पहिला गोंकूर पुरस्कार त्यांच्याच कारकिर्दीत दिला गेला. १९०६ मध्ये 'ले फूल द लूर्द' हे लूर्द या तीर्थस्थानावरील पुस्तक आले. झोलांनी त्याच स्थानावर चमत्कारांविषयी साशंक कादंबरी लिहिली होती. युइस्मांस यांनी चमत्कार मान्य केले, पण तेथील बाजारी बांधकामाची मात्र यथेच्छ खिल्ली उडवली.

१९०५ च्या अखेरीपासून त्यांची प्रकृती ढासळली. नागिणीच्या विकाराने डोळ्यांवर हल्ला केला आणि अनेक महिने त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. त्यानंतर जबड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. दात काढणे, शस्त्रक्रिया, बोलण्यास आणि गिळण्यास होणारा त्रास हे सर्व त्यांनी विलक्षण शांतपणे सोसले. दुःखाचा स्वीकार हा दुसऱ्यांसाठी केलेला यज्ञ असतो, हे त्यांच्या 'सँत लिदविन'चे सूत्र होते. पूर्वी दातदुखीनेही चिडणारा हा माणूस त्या सूत्रानुसार वागताना पाहून त्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल साशंक असलेले मित्रही गप्प झाले. अखेरच्या काळात त्यांनी आपली अनेक खासगी कागदपत्रे जाळून टाकायला लावली. १२ मे १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. बेनेडिक्टाइन पोशाखात त्यांचा देह मोंपार्नास दफनभूमीत कौटुंबिक थडग्यात ठेवण्यात आला. लेखक ल्युस्यँ देकाव्ह यांनी त्यांच्या साहित्याची जबाबदारी सांभाळली.

प्रभाव आणि उत्तरकाळ

फ्रेंच साहित्याच्या इतिहासांत युइस्मांस यांना मिळणारी जागा मुख्यतः 'आ रबूर'मुळे आहे. द्युर्तालच्या नंतरच्या कादंबऱ्या कमी वाचल्या जातात आणि त्यातील विवेचनाचा भार पाहता ते स्वाभाविकही आहे. 'आं रूत'चा उत्तरार्ध याला अपवाद म्हणावा लागेल. मठात आठ दिवस काढू इच्छिणाऱ्या, पण श्रद्धेबाबत स्वतःचीच खात्री नसलेल्या वाचकाला तो आजही परका वाटत नाही. म्युन्ये यांची मरणोत्तर प्रसिद्ध झालेली रोजनिशी युइस्मांस यांच्या अभ्यासासाठी मोलाची मानली जाते.

इन्यीचा जुना मठ पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाला. पुढे तो पुन्हा बांधला गेला आणि तेथे सिस्टर्शियन धर्मभगिनी राहू लागल्या. लिग्यूझेचे बेनेडिक्टाइन दोन्ही महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात परतले आणि मठाचे अतिथीगृह पुन्हा सुरू झाले. मिशेल वेलबेक यांच्या 'सुमिस्यों' (२०१५) या कादंबरीचा निवेदक हा युइस्मांसचा अभ्यासक प्राध्यापक आहे. आपल्या लेखकाच्या मागावर तो लिग्यूझेच्या अतिथीगृहात राहायला जातो. खोलीत धूम्रपानाला बंदी आहे आणि छतावर धूर ओळखणारे यंत्र बसवलेले आहे, याने तो वैतागतो आणि ठरल्यापेक्षा लवकर निघून जातो.